डोंगरातले रुग्णालय : चीनमधल्या भारतीय वैद्यकीय पथकाची हकीकत

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की कोनशिला, देणगीदारांची यादी, पहिल्या इमारतीचे छायाचित्र आणि अध्यक्षांची मालिका ओघाने येते. या लेखातल्या संस्थेच्या बाबतीत यांतले फारसे काही हाती लागत नाही. तिची पहिली धड इमारत शत्रूने काही आठवड्यांत जाळून टाकली. पुढे ती शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांत, गावच्या देवळांत आणि खेचरांच्या पाठीवर चालली. चालली मात्र नेटाने. तिथे शस्त्रक्रिया झाल्या, विद्यार्थी शिकले, पाठ्यपुस्तक लिहिले गेले. चीनच्या शान्सी आणि हपेई प्रांतांमधल्या डोंगररांगांतले हे रुग्णालय पुढे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय म्हणून ओळखले गेले. आपल्या देशातून निघालेल्या पाच डॉक्टरांपैकी दोघे तिथवर पोहोचले आणि त्यांतला एक कायमचा तिथलाच झाला.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने ते घराघरांत नेले. पण चित्रपटाला नायक पुरतो, रुग्णालयाला पुरत नाही. जखमींना उचलून आणणारे लागतात, पट्ट्या धुऊन उकळणारे लागतात, भूल देणारा लागतो आणि दुसऱ्या दिवशी हेच काम करू शकेल असा तयार माणूस लागतो. त्या सगळ्यांची मिळून ही हकीकत आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या आरोग्यसेवकांच्या हाती पडणाऱ्या स्मरणिकेत तिला जागा हवी असे मला मनापासून वाटले, कारण धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवरून बांबूच्या झोळीत घालून आणलेला रुग्ण ज्यांनी उतरवून घेतला आहे, त्यांना त्या रुग्णालयाची कामाची रीत इतर कोणाहीपेक्षा लवकर समजेल.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या लुकोच्याओ पुलापाशी चिनी आणि जपानी सैन्यांत चकमक झाली आणि तिचे पूर्ण युद्ध झाले. वर्षअखेरपर्यंत शांघाय आणि नानकिंग पडले. उत्तरेत गनिमी लढाई देणाऱ्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस पंडित नेहरूंना पत्र लिहून औषधे आणि डॉक्टर मागितले. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, चीनसाठी खास दिवस पाळले गेले, आणि जमलेल्या सुमारे २२,००० रुपयांतून एक रुग्णवाहिका, औषधांचा साठा आणि पाच डॉक्टर पाठवायचे ठरले. आपण स्वतः पारतंत्र्यात होतो. सैन्य आपले नव्हते, परराष्ट्रधोरण आपले नव्हते. तरीही सामान्य माणसांच्या वर्गणीतून परक्या देशाच्या जखमींसाठी वैद्यकीय पथक उभे राहिले. या पथकाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे असे मी मानतो. कोटणीसांचा त्याग तिच्यानंतर येतो.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय काम करून ते आले होते, त्यामुळे युद्धभूमीवरची शस्त्रक्रिया पाचांत त्यांनाच ठाऊक होती. नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर वयाने ज्येष्ठ, नावाजलेले डॉक्टर आणि काँग्रेसच्या कामात मुरलेले. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजॉयकुमार बसू हे तरुण. बसूंची निवड आयत्या वेळी झाली. आधी ठरलेल्या डॉक्टरांना त्यांच्या राजकीय मतांमुळे इंग्रज सरकारने पासपोर्ट नाकारला होता. पाचवे कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून पदवी, आणि पुढच्या शिक्षणाची तयारी चाललेली. नेमणूक एका वर्षाची होती.

१ सप्टेंबर १९३८ ला ‘राजपुताना’ बोटीने पथक मुंबईहून निघाले. हाँगकाँगमार्गे ते त्याच महिन्यात कँटनला पोहोचले तेव्हा सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग स्वतः स्वागताला आल्या होत्या. तिथून हँकौ. ऑक्टोबरअखेर तेही शहर जपान्यांच्या हाती गेले आणि पथकाला नदीच्या वरच्या अंगाला सरकत चुंगकिंग गाठावे लागले. वाटेत मिळेल त्या रुग्णालयात काम करायचे, शहर पडायला आले की बिऱ्हाड उचलायचे, असे ते महिने गेले. चुंगकिंगमध्ये शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी पाचांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी चीनवाचक ‘हुआ’ होते. कोटणीस झाले के दिहुआ. चुंगकिंगलाच त्यांना वडील गेल्याचे कळले. परत जायला कोणी हरकत घेतली नसती. त्यांनी आधी हाती घेतलेले काम पाहायचे ठरवले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक आठव्या मार्ग सेनेच्या मुलखातल्या येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या टेकड्यांत खोदलेल्या गुहा हीच तिथली घरे, शाळा आणि रुग्णालये. विमानांनी बॉम्ब टाकले तरी गुहा टिकत. इथे काही महिने पाचही जणांनी काम केले, आणि याच वर्षी पथक विरळ होऊ लागले. मुखर्जी आजारी पडले आणि परतले, चोळकरही परतले. चोळकरांबद्दल आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे याची मला खंत वाटते. उतारवयाकडे झुकलेला, नागपुरात मान असलेला हा माणूस बॉम्बखालून प्रवास करत येनानच्या गुहांपर्यंत गेला. मध्ये परतणे म्हणजे माघार नव्हे. पथकातल्या प्रत्येकाने आपल्या प्रकृतीला झेपेल तिथपर्यंतचा वाटा उचलला. १९३९ च्या अखेरीस अटल, कोटणीस आणि बसू आघाडीकडे निघाले आणि शान्सीच्या डोंगरांत चू तेह यांच्या ठाण्यावर पोहोचले. अटल यांनाही आजारपणामुळे पुढच्या वर्षी परत यावे लागले. उरले दोघे.

ते दोघे ज्या रुग्णालयात जाणार होते त्याची घडी बसवली होती डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यविशारदाने. स्पेनच्या युद्धात त्यांनी रक्त बाटल्यांत भरून आघाडीवर नेण्याची फिरती सेवा चालवली होती. १९३८ च्या उन्हाळ्यात ते वुताई डोंगरांत आले आणि त्यांनी हौसेने, गावकऱ्यांच्या मदतीने एक आदर्श रुग्णालय बांधले. सप्टेंबरात त्याचे उद्घाटन झाले. काही आठवड्यांत जपानी फौज आली आणि ते जाळून गेली. तो घाव खोल होता, पण त्यातून मिळालेला धडा त्यांनी तत्काळ उचलला. जिथे सैन्यालाच एका जागी थांबता येत नाही तिथे रुग्णालयाने थांबून भागणार नाही. जखमी माणूस डोंगर ओलांडत दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांकडे पोहोचला, तर तोवर जखम सडलेली असते, अनेकदा वायुकोथ झालेला असतो. तेव्हा डॉक्टरने जखमीकडे जायचे. हा या संस्थेचा पहिला नियम झाला आणि पुढे कोटणीसांनीही तो पाळला.

नियम सांगणे सोपे, त्याची सोय करणे अवघड. ती सोय पाहण्यासारखी आहे. बेथ्यून यांनी गावच्या सुतारांकडून एक लाकडी चौकट करवून घेतली. खेचराच्या पाठीवर ती आडवी बसे आणि दोन्ही अंगांना कप्प्यांचे खण लोंबत. एका खणात चिमटे, कात्र्या, करवती. दुसऱ्यात पट्ट्या आणि कापूस. तिसऱ्यात औषधे. खाली उतरवून उभी केली की वर दार आडवे टाकून त्याचेच ड्रेसिंगचे टेबल होई. शंभर शस्त्रक्रियांना आणि पाचशे ड्रेसिंगना पुरेल एवढे सामान त्यात मावे. आकार पुलासारखा दिसे म्हणून, आणि युद्ध जिथे सुरू झाले त्याची आठवण म्हणून, तिला लुकोच्याओ पुलाचेच नाव दिले होते. खेचर गावात शिरल्यापासून थोड्याच वेळात पहिला जखमी टेबलावर घेता येई. एप्रिल १९३९ मधल्या छिहुईच्या लढाईत बेथ्यून यांच्या पथकाने लढाईपासून अगदी जवळ एका देवळात ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. गनिमी युद्धातल्या फिरत्या रुग्णालयाची रचना आणि तंत्र यांवर त्यांनी त्याच वर्षी एक पुस्तिका लिहून ठेवली, म्हणजे ते नसले तरी काम अडू नये.

आणि ते राहिले नाहीत. शत्रू जवळ येत असताना घाईने शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले. रबरी हातमोजे नव्हते. पुढे एका सडलेल्या जखमेवर काम करताना त्या बोटातून विष शरीरभर गेले आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते वारले. भारतीय पथक तेव्हा वाटेत होते, दोघांची बेथ्यूनशी भेट झालीच नाही. १९४० च्या मध्याला, जपान्यांच्या ताब्यातले लोहमार्ग रात्री ओलांडत, कोटणीस आणि बसू त्या डोंगरी मुलखात पोहोचले आणि बेथ्यून यांच्या समाधीपाशी गेले. तिथले सेनापती निए रोंगचेन यांनी त्यांना रुग्णालयाच्या आणि त्याला जोडलेल्या वैद्यकीय शाळेच्या कामात घेतले. दोन्ही संस्थांना आता बेथ्यूनचे नाव होते.

२० ऑगस्ट १९४० ला आठव्या मार्ग सेनेने लोहमार्ग आणि जपानी ठाण्यांवर एकाच वेळी मोठा हल्ला चढवला. शंभर पलटणींची मोहीम म्हणून ती ओळखली जाते. या मोहिमेत वैद्यकीय पथकाची खरी कसोटी लागली. एका लढाईच्या काळात कोटणीस सलग ७२ तास झोपेशिवाय शस्त्रक्रिया करत होते आणि त्या लढाईत त्यांच्या हाताखालून ८०० हून अधिक जखमी गेले, असे नमूद आहे. आकडे वाचून आपण थक्क होतो आणि पान उलटतो. त्या ७२ तासांत काय काय चालले असेल, हे या व्यवसायातल्या वाचकाने क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. पेनिसिलिन नाही. ते ऑक्सफर्डला पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले तेच मुळी १९४१ मध्ये. सल्फाची औषधे जपानी नाकेबंदीतून चोरून येत आणि मोजून वापरली जात. तेव्हा जंतूंशी लढायचे मुख्य हत्यार शल्यविशारदाचा चाकूच. मेलेले मांस निर्दयपणे कापून काढायचे, चिखल, कपड्याचे धागे, लोखंडाचे तुकडे धुऊन काढायचे, जखम लगेच शिवून न टाकता मोकळी ठेवायची, मोडलेले हाड फळ्यांत बांधायचे. हे सगळे वेळेवर झाले तर पाय वाचतो, उशीर झाला तर कापावा लागतो.

म्हणून स्ट्रेचर उचलणाऱ्यांचे काम शल्यविशारदाइतकेच महत्त्वाचे होते. हे लोक आसपासच्या गावांतले शेतकरी. रात्रीच्या अंधारात, शत्रूच्या ठाण्यांच्या मधून, डोंगरउतारावरून चौघे मिळून एकेक जखमी आणायचा आणि रुग्णालय हलले की तोच जखमी पुन्हा उचलून पुढच्या गावी न्यायचा. बायका पट्ट्या धूत, जखमींना घरात लपवत, भरवत. ज्या गावात जखमी सापडे ते गाव जपानी फौजा जाळत, हे माहीत असूनही दारे उघडली जात. यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. सातपुड्यात आजही पावसाळ्यात रस्ता तुटला की चार खांद्यांवर झोळी येते. नर्मदेच्या काठच्या गावांसाठी आपल्या जिल्ह्यात तरंगता दवाखाना सुरू करावा लागला, तोही याच जाणिवेतून की रुग्णाला डॉक्टरपर्यंत आणायला लागणारा वेळ हाच अनेकदा खरा आजार असतो.

मोहिमेनंतर बसू येनानला परतले आणि तिथल्या रुग्णालयात १९४३ पर्यंत काम करत राहिले. कोटणीस डोंगरात राहिले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून रुग्णालयाचे संचालक नेमले. तीस वर्षांचा, परदेशी, चिनी भाषा येऊन दोन वर्षेही झाली नव्हती असा माणूस. ही नेमणूक त्यांच्या शौर्यापेक्षा त्यांच्या शिकवण्याच्या हातोटीमुळे झाली असावी, असे मला वाटते. ते चिनीतून व्याख्याने देत. शिकणारी मुले बहुतांश खेड्यातली, थोडेफार लिहिता-वाचता येणारी. पुस्तके नव्हती, म्हणून कोटणीसांनी शल्यचिकित्सेच्या तत्त्वांवरचे पाठ्यपुस्तक स्वतः चिनीत लिहिले आणि दुसऱ्या भागाला हात घातला. जपानी फौजांची झाडाझडती सुरू झाली की शाळा आणि रुग्णालय दोन्ही रात्रीतून हलत. सामान पुरून ठेवायचे, चालू शकणारे रुग्ण वरच्या दऱ्यांत न्यायचे, बाकीचे गावकऱ्यांच्या हवाली करायचे, आणि फौज गेली की परत येऊन पुन्हा फळा टांगायचा. शाळा बंद ठेवून सगळ्यांना जखमींच्या सेवेला लावावे असा विचार अशा वेळी कोणालाही सुचला असता. तो मोह त्यांनी टाळला. या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय तोच होता.

याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस कोटणीसांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांच्या चिनी नावांतली अक्षरे जोडून निए रोंगचेन यांनी त्याचे नाव यिन्हुआ ठेवले. कोटणीसांना मात्र अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी डोंगर सोडून जाण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी मानला नाही. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग अर्ध्यावर असताना ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. त्याच्या बरोबर तीन महिने आधी, ९ सप्टेंबरला, आपल्या नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती तिरंगा हाती घेऊन पोलिसांच्या गोळ्यांनी पडले होते. त्या वर्षी एकाच लढ्याच्या किती टोकांवर आपली माणसे उभी होती, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की उमगते.

संचालक गेल्यावर रुग्णालय बंद पडले नाही. कोटणीसांनी आणि त्यांच्या आधी बेथ्यून यांनी तयार केलेली माणसे कामाला होती. युद्ध संपले, चीनमधली यादवी संपली, रुग्णालय डोंगर उतरून शिच्याच्वांग शहरात आले आणि आजही बेथ्यूनच्याच नावाने तिथे चालू आहे. त्या वैद्यकीय शाळेचा वारसा चांगछुनच्या बेथ्यून वैद्यकीय विद्यापीठाकडे गेला. ते आता चीलिन विद्यापीठाचा भाग आहे. शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात बेथ्यून आणि कोटणीस या दोघांच्याही समाध्या आहेत. यिन्हुआ वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी असतानाच १९६७ मध्ये वारला. क्वो छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. बसू भारतात परतले, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले. आपल्या देशात ती उपचारपद्धती रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. सोलापुरातल्या कोटणीसांच्या घरी आता महापालिकेचे स्मारक आहे.

या पथकाची परंपरा स्वतंत्र भारतात पुढे चालली, तीही अशाच कठीण ठिकाणी. १९५० च्या नोव्हेंबरात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली भारतीय लष्कराची ६० वी पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स युद्ध पेटलेल्या कोरियात उतरली. या वेळी समोर चिनी सैन्य होते. भारताने लढायला फौज पाठवली नाही, पाठवले ते वैद्यकीय पथक. प्योंगयांग सोडायची वेळ आली तेव्हा सामान न्यायला गाड्या नव्हत्या. सामान टाकून निघा असा सल्ला रंगराज यांनी मानला नाही. जवानांनी एक सोडून दिलेले रेल्वे इंजिन शोधले, रांग लावून बादल्यांनी त्यात पाणी भरले आणि नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी सगळे सामान पलीकडे नेले. शस्त्रक्रियेची पेटी हातची गेली तर डॉक्टर असून नसल्यासारखा, हे त्यांना ठाऊक होते. मार्च १९५१ मध्ये याच पथकाची एक तुकडी अमेरिकी सैनिकांबरोबर हवाई छत्रीने मुनसानला उतरली. रंगराज आणि मेजर एन. बी. बॅनर्जी यांना महावीरचक्र मिळाले. लुकोच्याओच्या खेचरापासून त्या इंजिनापर्यंत विचार एकच दिसतो. सामान जखमीपर्यंत गेले पाहिजे आणि माणसे शिकलेली असली पाहिजेत.

कोटणीसांची तसबीर आपल्या अनेक रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत आहे आणि ती असायलाच हवी. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणाच्या अखत्यारीत अशी भिंत असेल त्यांना एक विनंती आहे. त्या तसबिरीखाली एका ओळीत पाचही नावे लिहावीत : मदनमोहनलाल अटल, मोरेश्वर रामचंद्र चोळकर, द्वारकानाथ शांताराम कोटणीस, बिजॉयकुमार बसू, देबेश मुखर्जी. आणि नागपूर-विदर्भाकडच्या ज्या घरांत डॉ. चोळकरांची पत्रे, छायाचित्रे किंवा चीनच्या प्रवासाची टिपणे जपून ठेवलेली असतील, त्यांनी ती एखाद्या वस्तुसंग्रहालयाकडे किंवा विद्यापीठाकडे सोपवावीत. पथकातल्या दोन मराठी डॉक्टरांपैकी एकाचे चरित्र अजून सविस्तर लिहायचे राहिले आहे.